शूटिंग स्पॉटच्या टूरला गावचा माणूस द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरात कोकणातल्या पर्यटनाबद्दल येतं ते बहुतेक दोनच प्रकारचं असतं, एकतर अमुक इतके पर्यटक आले म्हणून आनंद, नाहीतर कुणीतरी बुडालं म्हणून हळहळ. या दोन्हीच्या मधलं काही छापून येत नाही म्हणून हे लिहितोय. पत्र थोडं लांबणार आहे, कापायचं तर कापा पण शेवटची मागणी तेवढी ठेवा.

वेंगुर्ला तालुक्यात आमचं घरगुती निवास-न्याहारीचं छोटंसं काम आहे. मुंबई-पुण्याचे पाहुणे येतात, घावणे खातात, समुद्रावर जातात, आणि हल्ली दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता हमखास विचारतात की इथे जवळ शूटिंग कुठे झालंय. पूर्वी विचारायचे देऊळ कुठे, किल्ला कुठे, मासे कुठे मिळतील. आता "अण्णा नाईकांचा वाडा किती लांब?", म्हणजे टीव्ही मालिकेतला. त्यात वाईट काही नाही. मालिकेने आकेरी गाव महाराष्ट्राला माहीत करून दिलं हे खरंच आहे, २०१६ ला 'रात्रीस खेळ चाले' सुरू झाली, पुढे आणखी दोन भाग आले, आणि ज्या माणसाने आयुष्यात मालवणी ऐकली नव्हती तो विदर्भातला माणूससुद्धा आमच्याकडे येऊन "खंय चाललंव?" म्हणायला लागला. मला गंमत वाटते. माझी तक्रार त्या येणाऱ्या माणसांबद्दल नाहीच आहे.

तक्रार आहे ती त्यांना ज्या पद्धतीने फिरवलं जातं तिच्याबद्दल. सध्या एक दिवसाच्या शूटिंग दर्शन टूर निघाल्यात, टेम्पो ट्रॅव्हलर, माणशी ठरावीक पैसे, सकाळी उचलणार रात्री सोडणार, पाण्याची बाटली फ्री. या मे महिन्यात आमच्याकडे पुण्याचं एक कुटुंब उतरलं होतं, त्यांच्याबरोबर मीही अशा एका टूरला गेलो, म्हटलं रोज लोकांना पाठवतो तर एकदा बघून तरी येऊ. कंपनीचं नाव घेत नाही कारण एकाच कंपनीचा प्रश्न नाही, सगळे साधारण हेच करतात.

जाहिरातीत लिहिलं होतं "अनुभवी गाइडसह". गाइड म्हणजे ड्रायव्हरच. पोरगा स्वभावाने चांगला, गाडीही नीट चालवत होता, पण तो मूळचा इथला नव्हता आणि सीझनपुरता आलेला होता, त्याला कुठला फाटा कुठे जातो एवढं माहीत, त्या पलीकडे काही नाही. आकेरी आली तशी त्याने ब्लूटूथ स्पीकरवर मालिकेचं टायटल साँग लावलं आणि म्हणाला हाच तो वाडा, वीस मिनिटं आहेत, फोटो काढून घ्या. झालं, संपली माहिती. आमच्या गाडीच्या आधी दोन गाड्या उभ्या होत्या, मागून आणखी एक आली, रस्त्याला जागा नाही, एस.टी. हॉर्न मारतेय, आणि आत कुणी रील काढतंय, कुणी मालिकेतल्या शेवंतासारखी मान वाकडी करून उभी. तो वाडा म्हणजे सेट नाही हो, कुणाचं तरी राहतं घर आहे, पण हे सांगायचं कोणी? ड्रायव्हर सांगणार नाही कारण त्याला वेळेत पुढे जायचंय.

पुढचं सांगतो ते बारीक आहे पण माझ्या मनात तेच राहिलंय. फोटो काढून कंटाळलेली आमची काही मंडळी मागच्या वाटेने गावात शिरली. वाटेत एका घराच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, सोलं (कोकमाची सालं) वाळत टाकली होती, मे महिनाच तो, सगळीकडे हेच चालू असतं. एक ताई मोबाइलमध्ये बघत बघत सरळ त्या सोलांवरून चालल्या. आतून एक म्हातारी आली, ओरडली वगैरे नाही, एवढंच म्हणाली, "काय बघूचा ता बघा बाय, पण सोलां तुडवू नकात." त्या ताई ओशाळल्या, खाली बसून सारखी करायला लागल्या, आणि म्हातारीनेच मग सांगायला सुरुवात केली की ही रातांब्याची सालं, बिया काढून मीठ घातलेल्या त्याच्याच रसात भिजवायची, वाळवायची, परत त्याच रसात, परत उन्हात, अशी पुटं द्यायची तेव्हा तो काळपट रंग येतो, आणि पुटं कमी दिली की आमसूल फिकट दिसतं, बाजारात ते पटकन ओळखू येतं. गाडीतली निम्मी माणसं तिथे गोळा झाली. एकाने विचारलं विकत देणार का, तिने घरातून गेल्या वर्षीच्या सोलांची पिशवी आणून दिली. सगळ्या दिवसात टूरमधून गावात जे काही पैसे गेले असतील ते बहुतेक तेवढेच. आणि संध्याकाळी परत येताना लोक बोलत कशाबद्दल होते? वाड्याबद्दल नाही, त्या सोलांबद्दल.

त्या गावातलं रामेश्वराचं जुनं देऊळ मात्र राहून गेलं. पुढे सावंतवाडीत गाडी थांबली नाही, मोती तलाव खिडकीतून दाखवला, चितार आळीतली लाकडी खेळणी नाहीत, राजवाड्यातली गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, नाहीत, कारण त्यात कुठलं शूटिंग नाही. पुण्याच्या बाई म्हणाल्या, अहो मला नातवाला लाकडी भाजीचा सेट घ्यायचा होता. ड्रायव्हर म्हणाला मॅडम परत येताना बघू. परत येताना रात्र झालेली.

मग सगळ्यांना नेलं गोव्यात, शापोरा किल्ला, म्हणजे २००१ च्या 'दिल चाहता है' मधले तिघे मित्र जिथे तटावर बसून समुद्राकडे बघतात तो. भर दुपारी. मे महिन्यात. डोक्यावर सावली म्हणून नाही, चढ घसरडा, आमच्यातल्या आजी गाडीतच बसून राहिल्या. वर ड्रायव्हर आलाच नाही, खालूनच बोट दाखवून म्हणाला त्या बाजूला बसले होते. मग प्रत्येकाला तिथेच बसायचं होतं, तशीच पोझ, पाय बाहेर सोडून. तट जांभ्याचा, कडा झिजलेल्या, एकेक चिरा हलतोय, खाली खोल. आमच्या डोळ्यांदेखत एका मुलाच्या पायाखालून खडी सरकली, मित्राने दंड पकडला म्हणून. परत खाली आल्यावर हे सगळं विसरून तोच फोटो स्टेटसला.

मला राहवलं नाही म्हणून मी थोडंफार सांगितलं. हा किल्ला पोर्तुगिजांनी १६१७ मध्ये बांधला आणि आता जे दिसतं ते बरंचसं १७१७ च्या बांधकामातलं, मधे संभाजी महाराजांच्या १६८३-८४ च्या गोवा स्वारीत तो मराठ्यांकडे आला होता, औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला तेव्हा याच भागात त्याचा मुक्काम होता. आणि नदीच्या पलीकडे दिसतो तो पेडणे महाल, म्हणजे आताचा पेडणे तालुका, १७८८ पर्यंत आमच्या सावंतवाडीकर भोसल्यांचा, नंतर पोर्तुगिजांकडे गेला. म्हणजे आज मोपा विमानतळावर उतरून लोक "गोव्यात आलो" म्हणतात तो मुलूख अडीचशे वर्षांपूर्वी सावंतवाडीचा होता. पुण्याची मंडळी एकदम तटावरून मागे वळून नदीकडे बघायला लागली. मी काही इतिहासाचा मास्तर नाही, या इकडे बऱ्याच जणांना माहीत असलेल्या गोष्टी आहेत. पण सांगणारा माणूस गाडीत ठेवलेलाच नव्हता.

आता दुसरी बाजू. गेल्या डिसेंबरात मुलाने आम्हा दोघांना थायलंडला नेलं. फुकेटहून एक दिवसाची स्पीडबोट टूर होती, फी फी बेटांची, त्यात माया बे. हा तोच किनारा जिथे लिओनार्डो डिकॅप्रिओच्या 'द बीच' चं शूटिंग झालं, सिनेमा २००० साली आला, आणि त्यानंतर जगभरची माणसं त्या एवढ्याशा वाळूवर तुटून पडली. तीन बाजूंनी उभे कडे आणि मधे हिरवं पाणी, दिसायला खरंच फार सुंदर आहे, आपल्याकडे तसं नाही असं मी म्हणणार नाही पण तसे उभे कडे नाहीत हे कबूल.

बोटीत चढायच्या आधी सगळ्यांच्या चपला काढून एका प्लास्टिकच्या क्रेटमध्ये टाकल्या, हातावर रंगीत पट्टी बांधली, आणि गाइड म्हणून एक पंचविशीतली मुलगी उभी राहिली. इंग्रजी मोडकं, आमच्यापेक्षा थोडंच बरं. तिने पहिली गोष्ट सांगितली ती सिनेमाची नाही, बोट समोरून आत जाणार नाही ही. माया बेच्या तोंडाशी बोटींना बंदी आहे, बेटाच्या मागच्या बाजूला लो समा म्हणून खाडी आहे तिथे तरंगता धक्का आहे, तिथे उतरायचं आणि झाडीतून लाकडी फळ्यांच्या वाटेने चालत पुढच्या किनाऱ्यावर जायचं. आमच्यातल्या एका काकांनी लगेच तोंड वाकडं केलं, एवढे पैसे भरून मागच्या दाराने? तर ती म्हणाली समोरून येणाऱ्या बोटींच्या नांगरांनीच इथलं प्रवाळ मेलं. रोज पाच-पाच हजार माणसं यायची. मग १ जून २०१८ पासून सरकारने किनारा बंद केला, आधी चारच महिन्यांसाठी म्हणून, पण परिस्थिती बघून बंद तो बंदच, उघडला एकदम जानेवारी २०२२ मध्ये. तेवढ्या काळात प्रवाळाचे हजारो तुकडे पाण्यात लावले, आणि लहान शार्क परत आले. उघडतानाच आकडा ठरवला, एका वेळी ३७५ माणसं, एक तास, की पुढची तुकडी. शिवाय दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबर किनारा पूर्ण बंद.

आम्ही गेलो तेव्हा पाण्यात गुडघ्यापर्यंतच जायची परवानगी होती. कुणी पुढे गेलं की रक्षकाची शिट्टी. आणि खरोखर, त्या उथळ पाण्यात हातभर लांबीची शार्कची पिल्लं फिरत होती, पंखाची टोकं काळी. आपल्याकडची मोरीच म्हणा ना. आमच्या ग्रुपमधल्या मालवणच्या एका गृहस्थांना ती बघून मोरीच्या मटणाची आठवण झाली ती त्यांनी मोठ्याने बोलून दाखवली, बायको म्हणाली गप ऱ्हवा. पण बघितली सगळ्यांनी शांतपणे, आणि पोहायला मिळालं नाही म्हणून एकानेही पैसे परत मागितले नाहीत.

सिनेमाबद्दल ती मुलगी शेवटी बोलली, तेही काय, तर शूटिंगवाल्यांना किनारा पुरेसा "ट्रॉपिकल" वाटेना म्हणून त्यांनी वाळूवरची मूळची झाडंझुडपं काढून बाहेरून माड आणून लावले! कोकणातल्या माणसाला यावर हसावं की रडावं कळेना. ते झुडूप वाळू धरून ठेवत होतं, ते गेल्यावर वाळू वाहायला लागली, प्रकरण कोर्टात गेलं आणि वर्षानुवर्षं चाललं. म्हणजे सिनेमाचं कौतुक सांगता सांगता सिनेमाने काय केलं तेही ती सांगून मोकळी झाली. आमचा शूटिंग दर्शनवाला कधी सांगेल असं?

थायलंड म्हणजे स्वर्ग आहे असं कोणी समजू नका. त्याच टूरमध्ये दुपारी ज्या बेटावर जेवायला नेलं तिथे बुफेच्या रांगेत ताटं आपटत होती, गर्दी अशी की आंगणेवाडीची जत्रा बरी. आणि माया बेसुद्धा त्यांनी वाट लागल्यावरच बंद केलं, आधी वीसेक वर्षं पैसे मोजलेच की. शिवाय तिथे सगळं राष्ट्रीय उद्यानाच्या ताब्यात, एकच मालक, चारशे बाट फी घेतात आणि शिट्टी वाजवायला माणूस ठेवतात. आपल्याकडे वाडा खाजगी, रस्ता बांधकाम खात्याचा, किनारा मेरीटाइम बोर्डाचा, बाजूची झाडी वनखात्याची, आणि कचरा ग्रामपंचायतीचा. शिट्टी वाजवायची कुणी यावर पाच मीटिंगा होतील.

तरी पण मुद्दा उरतोच. आपल्याकडे नियम येतात ते वरातीमागून घोडं तसे. तारकर्लीला मे २०२२ मध्ये बोट उलटून दोन पर्यटक गेले, त्यानंतर काही दिवस लाइफ जॅकेटची तपासणी जोरात झाली. देवबागच्या त्सुनामी आयलंडवर, म्हणजे कर्लीच्या खाडीतल्या एका वाळूच्या पट्ट्यावर, सुट्टीच्या दिवशी किती माणसं उभी असावीत याचा आकडा मला तरी कुठे लिहिलेला दिसला नाही. मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे हे स्नॉर्कलिंगला येणाऱ्या किती जणांना कोणी सांगतं? २६ मे ते ३१ ऑगस्ट बोटी बंद असतात पण त्या समुद्र खवळतो म्हणून, प्रवाळाला विश्रांती म्हणून नव्हे, समुद्र शांत राहिला असता तर आपण बारा महिने चालवल्या असत्या.

कोणी म्हणेल नियम लावले की पर्यटक गोव्याला पळतील. हे मी दर मीटिंगला ऐकतो. अहो गोव्यातच बघा की. दूधसागर धबधबा, २०१३ च्या 'चेन्नई एक्सप्रेस' मधे ट्रेन जिथे थांबते तो, तोही शूटिंग स्पॉटच झालाय. तिथे आपली गाडी घेऊन जाता येतच नाही, कुळे गावातून स्थानिकांच्या जीप घ्याव्या लागतात, एका जीपमध्ये सात माणसं, अभयारण्याची फी वेगळी, पाण्यात उतरायचं तर लाइफ जॅकेट पाहिजेच, पावसाळ्यात जीप बंद, आणि रेल्वेच्या रुळांवरून चालत जायला मनाई. इतक्या अटी, तरी सीझनमध्ये सकाळी लवकर गेलं नाही तर नंबर लागत नाही. पळाले का पर्यटक? उलट जीपचे पैसे कुळे गावात राहतात. आकेरीला आलेल्या गाडीचे पैसे कुठे राहिले ते वर सांगितलंच, सोलांची एक पिशवी.

शूटिंगच्या परवानगीसाठी सरकारने एक खिडकी योजना केली, चांगलं केलं, निर्मात्याला दहा ऑफिसं फिरायला नकोत. पण शूटिंग संपून युनिट गेलं, मालिका लागली, आणि मग जी गर्दी येते तिच्यासाठी कुठली खिडकी? जनरेटर, व्हॅनिटी, केटरिंगवाले गेले की गावाच्या हातात राहतात प्लास्टिकच्या बाटल्या आणि "वाडा खंय?" विचारणारे लोक. खरं तर परवानगी देतानाच विचारायला हवं की हे लोकप्रिय झालं तर गाड्या उभ्या कुठे राहणार. लोकप्रिय होईल की नाही हे आधी कळत नाही हे मान्य, पण जागा बघून तरी ठेवा.

अजून एक, पाहुण्यांना काय हवं असतं ते आम्हाला रोज दिसतं. सिनेमा ही नुसती सुरुवात असते हो. एकजण रात्री उशिरा जेवताना मला म्हणाला तुंबाडचा वाडा उद्या करू या का. त्याला सांगितलं की तुंबाड गाव रत्नागिरी जिल्ह्यात खेड तालुक्यात जगबुडी नदीच्या काठी, इथून अर्धा दिवस, आणि सिनेमातला वाडा तर तिथे नाहीच, तो सासवडचा, तुमच्या पुण्याच्या शेजारचा. बिचारा हिरमुसला, मग हसायला लागला, म्हणाला म्हणजे मी घाट उतरून उलट्या बाजूला आलो. टूरवाला असता तर कुठलं तरी पडकं घर दाखवून वेळ मारून नेली असती, आणि तसं होतंय, मी ऐकलंय.

२०२५ मध्ये 'दशावतार' सिनेमा आला त्यानंतरचे फोन तर विचारू नका. दुपारी चार वाजता दशावतार बघायला मिळेल का, तासाभराचा, मुलं कंटाळतात. आता काय सांगायचं. दशावतार हे आमचं लोकनाट्य, त्रिपुरी पौर्णिमेच्या आसपास जत्रा सुरू झाल्या की रंगतं, देवळासमोर, रात्री पालखी वगैरे उरकल्यावर, आधी आड दशावतार, त्यात संकासुर राक्षसाची धमाल, मग आख्यान, ते उजाडेपर्यंत. तोंड रंगवणारा तोच राजा, तोच सकाळी घरी जाऊन गाईची धार काढणारा. तिकीट नाही. थंडीत गोधडी घेऊन बसायचं, खाजा खायचा. हे ज्याला गावच्या माणसाने समजावलं तो डिसेंबरात परत येतो, आमच्याकडे असे परत आलेले आहेत. ज्याला नाही समजावलं तो चार वाजताचा शो शोधत राहतो आणि कोणीतरी त्याला तो करूनही दाखवतो, हॉटेलच्या लॉनवर, संकासुर सेल्फीसाठी उभा.

तर मागणी अशी आहे. जिल्हा परिषद, पर्यटन विभाग, जे कोणी असतील त्यांनी शूटिंग स्पॉटच्या टूरसाठी त्या त्या गावचा गाइड बंधनकारक करावा. बाहेरची गाडी आली, ठीक आहे, पण गावच्या हद्दीत फिरवणार गावचा माणूस, ग्रामपंचायतीच्या पावतीवर, आणि पावतीतला ठरलेला हिस्सा त्याचा, उरलेला पंचायतीचा. ज्याचं घर आहे त्याने "आज नको" म्हटलं तर त्या दिवशी नको, यावर वाद नाही. एका वेळी किती गाड्या हे गावाने ठरवावं, मुंबईने नाही. गाड्या लांब उभ्या करून माणसांनी चालत यावं, माया बेच्या मागच्या धक्क्यासारखं, उलट चालताना रस्त्यावरची दुकानं तरी दिसतील. आणि बायकांसाठी एक स्वच्छ संडास, हे मी वेगळं सांगायला लागू नये पण लागतंय, त्या टूरमध्ये सकाळपासून दुपारपर्यंत एकही नव्हता आणि कंपनीने त्याचा विचारसुद्धा केलेला नव्हता.

गाइड कुठून आणणार, पोरं तर मुंबईला, असंही विचारतील. सगळी पोरं मुंबईला गेलेली नाहीत. रिक्षावाले आहेत, बारावी होऊन बसलेल्या मुली आहेत, दशावतारात काम करणारी आहेत ज्यांच्याइतकं लोकांना धरून ठेवणं कुणाला जमत नाही, पिंगुळीला चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगणं) आणि कळसूत्री बाहुल्या करणारे ठाकर कलाकार आहेत, त्यातल्या परशुराम गंगावणेंना २०२१ ला पद्मश्री मिळाली. निवृत्त शिक्षक तर गल्लोगल्ली, त्यांना फक्त कमी बोलायला शिकवावं लागेल. हिंदी-इंग्रजी येईल तेवढी येईल, त्या थायलंडच्या मुलीला कुठे येत होती. मालवणीत सांगितलं तरी लोक ऐकतात, मालिकेमुळे कानाला सवय झालीये, हा एक उपकार मानायला हरकत नाही.

चार-पाच दिवसांचं प्रशिक्षण पुरे. गावचा खरा इतिहास, सिनेमा-मालिकेची खरी माहिती (फेकाफेक नको, कुठला सीन इथला आणि कुठला दुसरीकडचा हे साफ सांगायचं), प्रथमोपचार, आणि गर्दीत एखाद्या गिऱ्हाइकाला नाही कसं म्हणायचं. शेवटचं सगळ्यात कठीण. आमच्या लोकांना नाही म्हणता येत नाही, मनात धुसफुसतात आणि वर "या या" म्हणतात, मग वर्षभराने एकदम गेटला कुलूप.

वेळही सुचवून ठेवतो, नाहीतर हे निवडणुकीनंतर बघू म्हणून लांबेल. जूनमध्ये पेरणी, जुलैत लावणी, तेव्हा कोणाला हाक मारू नका, येणार नाहीत. ऑगस्टात बोटी बंदच असतात, लावणी उरकलेली असते, पर्यटक तुरळक, तालुक्याच्या हॉलमध्ये घ्या आणि चहाबरोबर भजी ठेवा, चांगली हजेरी लागेल. फक्त गणपतीच्या आधी उरका. एकदा चाकरमानी यायला लागले आणि भजनं सुरू झाली की दसऱ्यापर्यंत इथे कोणी कुठल्या मीटिंगला येत नाही, मीसुद्धा नाही.

आपला,
एक घरगुती निवासवाला
ता. वेंगुर्ला, जि. सिंधुदुर्ग